तिकीट नंबर अकराशे सत्तेचाळीस

नायगाव, दादर
३ सप्टेंबर २०१२

लहू,

चिरंजीव वगैरे लिहीत नाही. एकोणतीस वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, तेव्हा मायना शोधत बसायची मला गरज वाटत नाही. तुझा पत्ता लालबागच्या सुंदराबाईंकडून मिळाला. सख्ख्या भावाचा पत्ता मला दुसऱ्याच्या दारातून मागून घ्यावा लागला, याची नोंद असू दे.

सुंदराबाई म्हणजे गुणाजीची बायको. गुणाजी जाऊन अकरा वर्षं झाली आणि तू गावाहून येऊन त्याला खांदा दिलास, हे मला परवा कळलं. माझ्या घरापासून त्यांची चाळ वीस मिनिटांवर आहे. एक चहा पिऊन गेला असतास तर तुझा काही धर्म बुडाला नसता.

असो. काम सांगते.

संपाआधी हजेरीपटावर असलेल्या गिरणी कामगारांना घरं देण्याची जी यादी निघाली, तीत चंद्रप्रभा मिलच्या साचेखात्यात गुणाजीचं नाव लागलं. तिकीट नंबर ११४७. सोडतीत नंबरही आला. सुंदराबाईंनी चाळभर पेढे वाटले आणि आठच दिवसांत कचेरीतून कागद आला: सदर तिकिटावर जुनी हरकत आहे, ती तीस सप्टेंबरपूर्वी निकालात न निघाल्यास नाव वगळण्यात येईल. त्या सध्या पुतण्याच्या खोलीबाहेर गॅलरीत पडदा लावून राहतात. पुतण्याने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर त्याला तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं आहे.

हरकत माझी आहे. मार्च १९८३. शाळेच्या टाइपरायटरवर टाइप केलेलं, इंग्रजीतलं, निर्दोष पत्र. सुंदराबाईंनी त्याची नक्कल माझ्यासमोर धरली.

"बाई, ह्या तुमचाच ना?"

"माझंच."

"मगे ता तुमीच काढा. माका विंग्रजी येणा नाय."

एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांना मला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कचेरीत गेलो. काचेमागे राजाराम नावाचे गृहस्थ बसतात. त्यांना मी सगळं सांगितलं, आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं इथे लिहिते. तुला माहीत असलं तरी वाच, म्हणजे मी काही फिरवून सांगितलं नाही हे कळेल.

म्हटलं, चौसष्ट साली माझा भाऊ लहू एकोणीस वर्षांचा, सूत कातायच्या रिंगखात्यात बदली कामगार होता, कुणाचा खाडा पडला की त्याच्या जागी. त्याला साच्यावर कापड विणायचं होतं. साचेखात्यात आमच्या माणसांना उभं करत नसत, कारण साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना कसा चालणार? कायद्यात असं काही नव्हतं. पण कामावर घ्यायचा जॉबर, आणि जॉबर कायदा वाचून माणसं घेत नसे. त्याच वेळी मालवणचा गुणाजी, जॉबरचा भाचा, त्याच्या नावावर साचेखात्याचं तिकीट निघालं. गुणाजीला फिट यायची. चालत्या साच्यापुढे फिट आली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको. सांगितलं असतं तर तिकीट गेलं असतं. म्हणून दोघांनी ठरवलं. गुणाजी बायकोच्या खाणावळीत भाकऱ्या भाजायला बसला आणि ११४७ नंबरच्या तिकिटावर, गुणाजी या नावाने, माझा भाऊ साच्यावर उभा राहिला. संप होईपर्यंत अठरा वर्षं.

राजाराम म्हणाले, "आणि हे तुम्ही मॅनेजमेंटला लिहून कळवलंत."

"हो."

"संप चालू असताना."

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, एक तिकीट, एक नाव, एक घर. मला याच्यापुढे जाता येत नाही. तुमचं लेखी द्या आणि तुमच्या भावाचं लेखी आणा. त्यांनी इथे येऊन, माझ्यासमोर."

तेव्हा ये. तीस तारखेच्या आत. आणि येताना डोक्यात हे घेऊन ये की ते पत्र मी तुझ्या हक्कासाठी लिहिलं होतं. तेव्हाही हेच सांगत होते.

लतिका


नायगाव, दादर
११ सप्टेंबर २०१२

लहू,

पत्र पोचलं आहे. मी रजिस्टरने पाठवलं होतं आणि पोचपावतीवर तुझी सही आली आहे. सही अजून तशीच, 'ह'च्या पोटात गाठ. म्हणजे हात चालतो. उत्तर का नाही?

त्र्याऐंशी साली, संप लांबला म्हणून सामान बांधून गावी निघताना, आपलं त्या तिकिटावरून वाजलं होतं, तेव्हा तू जिन्यात उभा राहून मला म्हणालास, "ताई, लहानपणी मला प्रत्येक शब्दाचं मूळ शोधायला लावायचीस. तिकीट म्हणजे काय ते एकदा शोध. मग माझ्याशी बोल."

मी शोधलं नाही. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, कोश हाताशी होता, तरी तेवढं एक पान उघडलं नाही. गेल्या रविवारी उघडलं.

तो कोश तुला आठवतो? कॉन्व्हेंटच्या मदरांनी मला सातवीत बक्षीस दिला होता. आई त्या शाळेत आया होती, म्हणून मला फी माफ. आयाच्या मुलीला पहिला नंबर मिळाला म्हणून मदरांना जेवढा आनंद झाला, तेवढंच आश्चर्य वाटलं. ते आश्चर्य मी अजून विसरले नाही. रोज संध्याकाळी एक शब्द काढून मी तुला ऐकवायची. 'रन'चे अर्थ मोजता मोजता तू कंटाळलास आणि म्हणालास, "एका शब्दाला एवढी कामं! इंग्रजांकडे शब्दांचीही बदलीच चालते वाटतं." आई एवढी हसली की तिच्या हातातलं पीठ सांडलं.

तर तिकीट. मूळ शब्द जुना फ्रेंच. त्याचा अर्थ चिकटवणे, टोचून लावणे. दारावर, खांबावर, पोत्यावर लावलेली चिठ्ठी. बस, एवढंच. शिपायांना कुणाच्या घरी उतरायचं त्याची चिठ्ठी, तीही हीच. पुढे कैद्याला शिक्षा संपण्याआधी बाहेर सोडत, तेव्हा त्याच्या हातात एक तिकीट देत. ते दाखवायचं आणि वागणूक नीट ठेवायची, नाहीतर परत आत. दुकानातल्या मालावरच्या किमतीला तिकीट. जसं हवं होतं अगदी तसंच मिळालं, तर इंग्रज माणूस म्हणतो, हेच तर तिकीट! आपण पोस्टाच्या स्टॅम्पलाही तिकीट म्हणतो, आणि मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ आपणच आहोत, कारण ती खरोखर थुंकी लावून चिकटवतात. निवडणुकीचं तिकीट तर आपल्याकडे बापाकडून मुलाकडे जातं. आणि आणखी एक ऐक. एटिकेट, म्हणजे रीतभात, हा शब्द याच मुळातून आला आहे. मदर मला काटेचमचे धरायला शिकवायच्या ते एटिकेट, आणि गेटवर तुला दाखवावं लागे ते तिकीट, दोघं सख्खे भाऊ. दोन्ही आपल्याला एकाच कारणासाठी लागली: आत सोडावं म्हणून.

मँचेस्टरहून कापडाचे तागे येत त्यांच्यावर रंगीत चित्रांचे कागद लावलेले असत, त्यांनाही तिकीटच म्हणत. त्यातलं एक, कमळातल्या लक्ष्मीचं, आईने आपल्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. छप्पन्न साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, हे काढ. आईने विळीच्या पात्याने खरवडून काढलं. लक्ष्मी निघाली, डिंकाचा चौकोन राहिला. ट्रंक माझ्याकडे आहे. चौकोनही आहे.

सगळं वाचलं, लहू, दोन-दोन कोशांत वाचलं. तिकीट म्हणजे माणूस, असा अर्थ कुठेही नाही. तिकीट म्हणजे माणसाला वरून लावलेला कागद. तो एकाचा काढून दुसऱ्याला लावता येतो, म्हणून तर ते तिकीट. 'अकराशे सत्तेचाळीस, इकडे ये' असं म्हणून माणसाला नंबराने हाक मारण्याचा अर्थ गिरणीने काढला, आणि मी एवढी शिकलेली, मीही तोच धरून बसले. माझ्या त्या निर्दोष पत्रात एक वाक्य आहे: 'तिकीट नंबर ११४७ हा वास्तविक माझा भाऊ आहे.' मुलींच्या वहीत असलं वाक्य दिसतं तर मी लाल शाईने कापलं असतं.

काल राजारामांना हे सगळं सांगायला गेले. सुंदराबाई बरोबर होत्याच. राजारामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, फ्रेंचमध्ये काय असेल ते असो. माझ्या रजिस्टरला एकच कॉलम आहे."

मी म्हटलं, "मग दुसरा आखा. पट्टी मी देते."

मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "ओ टीचर, आमचा नंबर कधी लावताय?" सगळी रांग हसली. सुंदराबाईसुद्धा हसल्या. मला राग आला, आणि घरी आल्यावर वाटलं, त्या बाईला मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

शोधायला सांगितलं होतंस, शोधलं. आता बोल.

लतिका


मु. पो. कुडपण, ता. खेड
१६ सप्टेंबर

ताईस सप्रेम जयभीम.

दोन्ही पत्रं मिळाली. मला पत्र लिहायला वेळ लागतो. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत.

मी सत्तावीसला येतो. साहेबांसमोर सांगणार, की मी चंद्रप्रभा मिलमध्ये कधीच काम केलं नाही. तिकीट गुणाजीचं, काम गुणाजीचं. वहिनीला घर मिळेल. तू मध्ये बोलायचं नाही.

हक्काचं लिहिलंस. माझा हक्क मी तुझ्याकडं कधी मागितला? तू ऐकलंस तेव्हा मी तुला सांगितलं होतं, ताई, हे कुणाला सांगू नको. तू म्हणालीस नाही सांगणार.

तुला एक गोष्ट माहीत नाही ती लिहितो. आम्हाला वाटायचं कुणाला कळणार नाही. पहिल्या महिन्यातच लाइनला, माझ्या रांगेतल्या सगळ्या साचेवाल्यांना, कळलं मी कोण ते. खाण्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन लांब बसायचो, त्याच्यावरून कळलं. शेजारच्या साच्यावर रामचंद्र म्हणून म्हातारे होते, चिपळूणकडचे, गळ्यात माळ. दुसऱ्या दिवशी ते माझ्या साच्याजवळ आले. माझ्या हातातला धोटा घेतला, तोंड लावून दोरा ओढला, आणि मला परत दिला. बोलले काही नाही. तिथल्या आवाजात बोललेलं ऐकायलाच येत नाही. सगळी लाइन बघत होती.

त्यानंतर अठरा वर्षं धोटे फिरले. जॉबरला माहीत, लाइनला माहीत, पानवाल्याला माहीत. साहेबाला कुणी सांगितलं नाही. संपातसुद्धा नाही. आत जाणारे आणि बाहेर राहणारे एकमेकांची डोकी फोडत होते, तेव्हासुद्धा नाही.

सांगितलं ते तू.

गुणाजीला दोन दिवस चौकीत बसवला होता. तिथं त्याला फिट आली. हे तुला वहिनीनं सांगितलं नसेल. ती नाही सांगायची.

शब्दाचं वाचलं. चांगलं शोधलंस. पण मी तो शब्द शोधायला सांगितला तो तू पत्र टाकायच्या आधी शोधावा म्हणून. जिन्यात सांगितलं तेव्हा तू पत्र टाकून आली होतीस, हे मला दोन दिवसांनी कळलं.

लहू


नायगाव, दादर
२० सप्टेंबर २०१२

लहू,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. आधी त्यातल्या खोट्याचं बोलते, कारण त्यावर मला बोलता येतं.

तू येऊन 'मी कधीच काम केलं नाही' असं सांगणार. अठरा वर्षं सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने पुसणार. तुझ्या दोन बोटांचं काय सांगशील, नांगर धरून वाकेनाशी झाली? मला हे मान्य नाही. मी खोटं लिहिणार नाही आणि तुला लिहू देणार नाही. सुंदराबाईंना घर मिळालंच पाहिजे. ते मी मिळवीन. माझी हरकत मीच खऱ्या शब्दांत मागे घेईन. मी चंद्रप्रभाच्या गेटच्या आत आयुष्यात एकदाही गेले नाही, साच्यावर कोण उभं होतं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि ज्याच्या वतीने लिहिलं त्याने मला लिहायला सांगितलं नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या. एवढ्यावर हरकत पडायला हवी. न पडली तर मी वरच्या साहेबांकडे जाईन, त्यांच्याही वरच्यांकडे जाईन. माझे गुडघे गेले आहेत, आवाज शाबूत आहे.

आता दुसरं.

गुणाजीचं मला माहीत नव्हतं. चौकीचं माहीत होतं. फिटचं नाही.

आणि हक्काचं खोटं आहे. तुझ्यासमोर जे जन्मात कबूल केलं नाही ते आता लिहिते, नाहीतर तू सत्तावीसला माझ्याशेजारी बाकावर बसशील आणि मला तोंड वर करता येणार नाही.

संपाच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, मोर्चाचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. पुढच्या रांगेत तू. हात वर, तोंड उघडं. खाली नावं छापली होती, आणि तुझ्या चेहऱ्याखाली गुणाजीचं नाव, आडनावासकट. स्टाफरूममध्ये पेपर टेबलावर पडला होता. राधाबाई म्हणून आमच्या गणिताच्या बाई, तुला त्यांनी एकदा शाळेच्या फाटकात पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "लतिका, हा तर तुझा भाऊ ना गं? मग तुम्ही मराठे का? मला वाटलं होतं..." आणि थांबल्या. त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. टेबलाभोवती सगळ्या चहा पीत होत्या. मी म्हटलं, "नाही, माझा भाऊ नाही. दिसतो तसा."

मी नाही म्हटलं, लहू. आधी मी म्हटलं.

मग त्या रात्रीपासून माझं डोकं पेटलं ते तुझ्यावर. बाबा नागपूरला जाऊन आले, आईने लक्ष्मी खरवडली, मी मदरांच्या आश्चर्याखाली मान ताठ ठेवून शिकले, आणि तू पोटासाठी दुसऱ्याची जात पांघरून अठरा वर्षं काढलीस असं मी स्वतःला सांगत राहिले. लाज माझी होती, ती मी तुझ्या नावावर केली. पंधरा दिवसांनी तुला येऊन विचारलं, तेव्हा तू सगळं सांगितलंस आणि कुणाला न सांगण्याचं वचन घेतलंस. मी वचन दिलं, आणि तिसऱ्या दिवशी ते पत्र टाकलं. तुझं नाव तुला परत मिळवून देते आहे असं वाटत होतं. मॅनेजमेंटला माझ्या इंग्रजीचं कौतुक वाटलं असावं. त्यांनी पोच देताना आभार मानले होते. मग तोतयेगिरी म्हणून गुणाजीचं नाव कापलं, आणि त्या एका नावाबरोबर तुम्ही दोघंही गेलात. संप मोडायला त्यांना असली निमित्तं हवीच होती, आणि एक मी पुरवलं.

रामचंद्रांची गोष्ट तू तेव्हा का सांगितली नाहीस? हे विचारते आहे आणि उत्तरही मला माहीत आहे. सांगितली असतीस तर मी म्हटलं असतं, एका माळकऱ्याने उपकार केले म्हणून मिंधा झालास का? असंच म्हटलं असतं. शब्दसुद्धा हेच.

ये. पण खोटं बोलू नकोस.

लतिका


नायगाव, दादर
२९ सप्टेंबर २०१२

प्रिय लहू,

तू एसटी पकडायला निघून गेलास. बोलायचं राहिलं म्हणून लिहिते, आणि तुला ऐकायला किती कमी येतं ते परवा कळलं, म्हणूनही लिहिते. सुरुवातीला मी तीनदा हाक मारली, तू वळला नाहीस. मला वाटलं राग. सुंदराबाई म्हणाल्या, "बाई, समोर जावन बोला. साचेवाल्यांचे कान साच्यानीच खाल्ले."

परवाचं सगळं तू पाहिलंस, तरी माझ्या बाजूने काय दिसलं ते सांगते.

माझा कागद राजारामांनी वाचला. तिन्ही वाक्यं. म्हणाले, "चांगलं लिहिलंय बाई. पण हे 'पाहिलं नाही' झालं, 'नव्हतं' नाही झालं. वरून परत येईल." मी वाद घालायला तोंड उघडलं आणि तू माझ्यापुढे येऊन काचेशी उभा राहिलास. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन. तुझी पाठ बाबांसारखी झाली आहे.

त्यांनी विचारलं, "चंद्रप्रभा मिलमध्ये काम केलंत?"

"नाही."

"कधीच नाही?"

"शेती करतो मी."

मी बाकावरून उठले. सांगणार होते. तीस तारखेला तीन दिवस होते, वरचे साहेब होते, वर्तमानपत्रं होती. माझ्याकडे अजून दहा रस्ते होते. तेवढ्यात राजारामांनी मान खाली घातली, फाइलकडे बघत असल्यासारखी, आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही. काचेच्या इकडे कुणालाही काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि तू उत्तर दिलंस. तुझाही आवाज नाही, नुसते ओठ, काचेत उमटलेले. मला दिसलं, कळलं नाही. मी एवढ्या भाषा शिकले, ही नाही.

सुंदराबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. खाणावळीत साचेवाले असेच बोलायचे, त्यांना सगळं वाचता येतं. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "साहेब विचारता, साचेखात्यात किती वर्सां? लहूभाऊ म्हणाले, अठरा. साहेब म्हणता, माझो बापूस पण साचेवालोच."

मग राजारामांनी पेन उचललं आणि मोठ्याने वाचत लिहिलं: 'सदर इसमाने मिलमध्ये कधीही काम केलेले नाही. हरकत निकाली.' कागद फिरवून तुझ्यापुढे सरकवला. तू सही केलीस. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"साक्षीदार लागेल, बाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती रांगसुद्धा. तू मात्र बघत नव्हतास, पेन पुढे धरून उभा होतास. मी एकाहत्तर वर्षांची आहे. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलींना मी आयुष्यभर माफ केलं नाही. आणि मी उठले, तुझ्या हातातलं पेन घेतलं आणि तुझ्या सहीखाली सही केली. माझी पहिली खोटी साक्ष. अक्षर चांगलं आलं.

मला अजून ते बरोबर वाटत नाही, हे स्पष्ट लिहिते. बरोबर असतं तर त्या रजिस्टरला दोन कॉलम असते, आणि ते आखून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. सुंदराबाईंच्या हातात किल्ली पडू दे, मग बघते. पण चौसष्ट साली जी गोष्ट अख्ख्या लाइनने पोटात ठेवली, तिच्यात शेवटी का होईना, मलाही उभं राहायला जागा मिळाली. तुम्ही मला ती द्यायला नको होतीत. तरी दिलीत.

सुंदराबाई जिन्यात बसून रडल्या. म्हणाल्या, "गुणाजी असतो तर आज पोळये केले असते." मग तुला म्हणाल्या, अगदी तोंडासमोर जाऊन, "भाऊजी, नव्या घरात पयलो पाय तुमचो." तू मान हलवलीस.

आणि माझ्याशी तू एक शब्द बोलला नाहीस. मी अपेक्षा केली नव्हती. तो जिना उंच, कठडा तुटका. तू दोन पायऱ्या पुढे होतास. वळला नाहीस, थांबला नाहीस, फक्त वाकत नसलेली ती दोन बोटं असलेला हात मागे धरलास. मी तो धरून चार मजले उतरले. खाली पोचल्यावर सोडवून घेतलास आणि गेलास.

अशोक विजयादशमीला मी कुडपणला येते आहे. पंधरा दिवस राहीन. कोऱ्या वह्या बरोबर आणते. साचे, धोटे, रामचंद्र, लाइनीतला प्रत्येक माणूस, सगळं मला तुझ्या नावाने सांगायचं आहेस, आणि मी मध्ये बोलणार नाही. ओठांची ती भाषाही शिकव. इतकी वर्षं मी ओरडून बोलले, त्याचा फायदा दिसला नाही.

मला यायला नको म्हणणार असशील तर तसं लिहून कळव. वाचीन, शुद्धलेखन तपासीन, आणि येईन.

तुझी ताई